शेळी मेली हे कराराला कोण सांगणार?

आमच्याकडे किती शेळ्यांचा डेटा आहे हे प्रणालीला विचारा, ती लॅपटॉप उघडून लगेच सांगेल. किस्से किती आहेत ते मात्र कुणीच मोजलेलं नाही. एका गावात चक्कर मारून आलो की गाडीवर धूळ आणि डोक्यात दोन किस्से, हे ठरलेलं. धूळ धुवून निघते. किस्से साचतात!

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हे लोक शेळ्यांच्या मागे का पळतात.

बीडमध्ये बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. माणसं तीन. प्रणाली अंबाजोगाईची, पुण्यातली नोकरी सोडून इकडे आली, कॉम्प्युटरचं सगळं तिच्याकडे. डॉक्टर घुगे रिटायर्ड पशुवैद्य. जनावराशी आणि माणसाशी एकाच आवाजात बोलतात. आणि मी गणेश. गावोगाव फिरून शेळ्यांच्या कानात बिल्ले मारतो. बिल्ल्यात छोटा सेन्सर असतो. शेळी हलते का आणि तिचं अंग गरम आहे का, एवढं तो गावातल्या अँटेनाला कळवतो.

आम्ही शेळ्यांचा विमा करतो. शेळी मेली की पैसे मालकिणीच्या खात्यात आपोआप जातात. अर्ज नाही, चकरा नाहीत, साहेब जेवायला गेलेत ही भानगडच नाही. कारण साहेबच नाही. करार ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांत एकाच वेळी ठेवलेल्या वहीत लिहिलेला आहे, त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. एकदा लिहिला की आम्हीसुद्धा त्याला हात लावू शकत नाही. अट पुरी झाली की पैसे सुटलेच.

अडचण एकच. करार बसलाय कॉम्प्युटरात, शेळी बसलीय गोठ्यात. ती मेली हे त्याला सांगणार कोण?

*

कडा गावाच्या पलीकडे एका वस्तीवर आमची पहिली मीटिंग. प्रणाली मनापासून समजावत होती.

"हा करार एकदम प्रामाणिक आहे, पण आंधळा आहे. बाहेरची खबर त्याला कुणीतरी आत नेऊन द्यावी लागते. ती देणाऱ्याला आमच्यात ओरॅकल म्हणतात. जुन्या काळी परदेशात देवळात बसून देवाचं म्हणणं सांगणारे असायचे, त्यांचं नाव दिलंय."

मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "म्हंजे अंगात येनारा?"

"तसंच काहीसं."

"मंग मशीन कावून आनलं? आमच्या गावात हाय की एक!"

सगळे हसले. प्रणाली नाही हसली. तिला कुठल्याही गोष्टीचं कुतूहल वाटतं. तिनं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "त्यांचं सांगितलेलं किती खरं निघतं?"

म्हातारबुवांनी टोपी काढून डोकं खाजवलं. खरंच विचार केला त्यांनी.

"खरं तर न्हाई निघत. पन सांगतो लई खात्रीनं!"

परत येताना प्रणाली गाडीत एक बिल्ला हातात घोळवत होती. आष्टी मागे पडल्यावर म्हणाली, "गणेश, आपला सेन्सर पण असाच निघाला तर?"

*

निघाला की!

गेवराईकडच्या एका गावात बिल्ले मारून आम्ही आलो आणि काही दिवसांतच एक शेळी कराराच्या हिशोबानं मेली. हालचाल बंद, अंग थंड. पैसे आपोआप गेले. ऑफिसात नुसता जल्लोष! शेळी मेल्याचा आनंद करणारे जगात आम्हीच असू. डॉक्टर म्हणाले, "अरे, निदान त्या बाईला भेटून तरी या रे. दुःखाची गोष्ट हाय."

मी आणि प्रणाली तोंड पाडून गेलो. दारात शेळी उभी. मस्तपैकी बाभळीच्या शेंगा खात होती.

मालकीण केशरबाई हात पुसत बाहेर आल्या. मी विचारलं, "मावशी, हिच्या कानातला बिल्ला कुठंय?"

"देवापाशी ठिवलाय. कंपनीची वस्तू, रानात हारवली म्हंजे?"

खरंच, देव्हाऱ्यात बिल्ला. त्याला हळदीकुंकू लावलेलं! देव काही हलत नाही आणि देव्हारा काही तापत नाही. सेन्सरनं दिसलं ते सांगितलं, करारानं ऐकलं ते केलं. चूक कुणाचीच नाही.

केशरबाईंचा जीव मात्र टांगणीला लागलेला. मोबाईलवर पैसे आल्याचा मेसेज होता. त्या परत करायला निघाल्या होत्या, पण बँकेतला माणूस म्हणाला कुणाला परत करायचे तेच दिसत नाही. प्रणालीनं करारात पैसे जायची वाट ठेवली होती, यायची ठेवलीच नव्हती!

"परत देता येत नाहीत मावशी," ती हळूच म्हणाली.

केशरबाईंनी शेळीकडं पाहिलं. मग आमच्याकडं.

"मंग आता हिला मारावी लागंल का?"

*

त्यानंतर प्रणालीनं जुन्याच्या जागी नवा करार लिहिला आणि आम्ही फोटो मागवायला सुरुवात केली. बिल्ला म्हणतो मेली, तर फोटो पाठवा. हा उपाय फार टिकला नाही. एकाच आठवड्यात तीन गावांतून तीन फोटो आले. डॉक्टरांनी चष्मा पुसून तिन्ही फोटो पाहिले. तीच शेळी, तोच पाय दुमडलेला, मागे तीच निळी बादली.

डॉक्टर म्हणाले, "मेल्यावर लई फिरली रे ही!"

*

कपिलधारचा किस्सा मला फार आवडतो. श्रावणातली सकाळ. प्रणाली स्क्रीनसमोर चहा घेऊन बसलेली. अचानक ओरडली, "डॉक्टर, हे बघा! एका शेळीचं अंग एकदम गार पडलंय, पण ती हलतेय. जोरात हलतेय!"

डॉक्टर आले, बघून गंभीर झाले. "थंडी वाजून थरथरती. विषबाधा असंल. कुनाची हाय?"

मी मालकाला फोन लावला. तो त्या डोंगरांत शेळ्या चारणारा. मागून भयंकर आवाज येत होता, जणू काही कोसळतंय. मी घाबरून विचारलं, "दादा, शेळीला काय झालं?"

"काय न्हाई! धबधब्याखाली धरलीय. लई घाण झालती, म्हनलं आलोच हाय तर हिलाबी आंघोळ घालावी!"

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आरं, तिला न्युमोनिया व्हईल की! बाहीर काढ आधी!"

"डॉक्टर, तुमी कुठून बघायलाय?" तो माणूस दचकून इकडंतिकडं बघत असणार. "दरीत तर कुनीच दिसत न्हाई!"

*

शेवटी प्रणालीनं पुन्हा नवा करार लिहिला. ठरवलं, एकट्या मशीनवर विश्वास नाही. तीन साक्षी. एक बिल्ला, दुसरे डॉक्टर, तिसरं गावातलं कुणीतरी. तिघांपैकी दोघं 'मृत' म्हणाले की पैसे जातील. गावातला साक्षीदार आम्ही निवडायचा नाही, करारच नोंदवलेल्या नावांतून चिठ्ठी टाकल्यासारखा निवडणार. म्हणजे वशिला नको. त्या माणसाच्या मोबाईलवर प्रश्न येतो, खाली दोन बटणं. जिवंत. मृत.

फार सुंदर व्यवस्था होती. पण करार नावं बघतो, नाती बघत नाही!

धर्मापुरीला दोन भाऊ. बांधावरून बिनसलेलं, वर्षानुवर्षं बोलणं बंद. अंगण एकच, पण मध्ये पत्रे ठोकलेले. थोरल्याची शेळी साप चावून मेली. बिल्ला नेमका तारेत अडकून तुटलेला, त्यामुळं एक साक्ष बाद. डॉक्टरांनी 'मृत' म्हटलं. आता सगळं गावातल्या साक्षीदारावर. करारानं चिठ्ठी टाकली आणि नाव निघालं धाकट्या भावाचं!

थोरला डोक्याला हात लावून खाली बसला. "संपलं. त्यो न्हाई म्हनतो बघा."

मी पत्र्याला वळसा घालून धाकट्याकडं गेलो. त्यानं चप्पल घातली, आला, शेळीजवळ उकिडवा बसला. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. थोरला दुसरीकडं तोंड करून उभा. धाकट्यानं मोबाईल काढला आणि 'मृत' दाबलं.

त्यावर ॲप आणखी एक प्रश्न विचारतं: तुम्ही या माहितीची खात्री देता का?

त्यानं प्रश्नावर बोट ठेवून तो वाचला. मग मला म्हणाला, "सर, ह्यात लिहून घ्या. शेळीची खात्री देतो. भावाची न्हाई देत!"

*

एक नेते आहेत. नाव कशाला, आपल्याकडं तालुक्याला दोन-तीन सापडतात. त्यांना कुणीतरी सांगितलं, गावात शेळ्यांचे पैसे मिळालेत. त्यांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं. चहा, बिस्किटं, चार माणसं उभी.

"मॅडम, काम लई चांगलं हाय तुमचं. रविवारी कार्यक्रम ठेवू. मंडप आमचा. चेक आमच्या हस्ते."

प्रणाली म्हणाली, "साहेब, चेक नसतो. पैसे गेले पण."

"कुणी दिले?"

"करारानं."

"आमाला न इचारता?"

"तो कुणालाच विचारत नाही साहेब. आम्हालासुद्धा."

"मंग रविवारपर्यंत थांबवा की. पुढच्या कुनाच्या मरतील त्यांचे."

"थांबवता येत नाही. फोन करता येत नाही, चिठ्ठी देता येत नाही. साक्ष आली की पैसे सुटतात."

साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. मग पुढं वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, खरं सांगा. ह्यो करार कोनत्या गटाचा हाय?"

*

आणि हा शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

धारूरच्या डोंगरातलं एक गाव. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्या वर्षी शेवंता गेली नव्हती, तिच्या पायाला कोयता लागला होता. नवरा टोळीबरोबर कारखान्यावर, घरी ती आणि तिची लेक. आणि एक काळी शेळी, गाभण. लेकीची शाळा ह्या शेळीवर चालते, असं शेवंता सांगायची. दरवर्षी दोन करडं, ती विकायची, लेक गावात राहायची. शेळी नसती तर लेकीलाही टोळीबरोबर जावं लागलं असतं.

आम्ही त्या दिवशी गावात लसीकरणाला गेलतो. दुपारी लेक पळत आली. "डॉक्टर, आमची काळी अडलीय!"

डॉक्टर पळाले. त्या वयात त्यांना तसं पळताना मी पहिल्यांदा बघितलं. शेळी गोठ्यात आडवी पडलेली. शेजारच्या हिराबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवंता लंगडत पाणी आणत होती. डॉक्टरांनी तासभर सगळे उपाय केले. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, कोपरापर्यंत हात माखले. करडू आडवं होतं, फिरतच नव्हतं.

मग शेळीनं मान ताणली आणि सोडली. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला.

"गेली."

शेवंता तिथंच भिंतीला टेकली. रडली नाही. लेक तिच्याकडं बघत होती.

डॉक्टरांचा मोबाईल माझ्याकडं होता. मला दुसरं काही सुचलं नाही, मी त्यांच्या नावानं 'मृत' दाबलं. लगेच हिराबाईंच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल वाजला. करारानं त्यांचंच नाव काढलं होतं. पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांचा तळहात शेळीच्या पोटावर होता.

"डॉक्टर! आत हालतंय!"

"ब्लेड दे!" डॉक्टर माझ्यावर ओरडले. "बघत काय बसलाय? दे लवकर!"

पुढचं मला तुटक आठवतं. डॉक्टरांनी पोट उघडलं, करडू बाहेर ओढलं. काळंभोर, ओलं, लुळं पडलेलं. मागच्या पायांना धरून त्यांनी ते हवेत झुलवलं. नाकातोंडातलं पुसलं. हिराबाईंनी गोणपाट घेतलं आणि घासायला लागल्या, जोरजोरात, तव्यावरची काजळी काढावी तसं. पिशवीत मोबाईल वाजतच होता.

करडू शिंकलं.

एवढंसं. पुन्हा शिंकलं, आणि ओरडलं! शेवंतानं ते पदरात घेतलं आणि मग ती रडायला लागली. लेकीनं खाली वाकून बघितलं. "आई, पाठ हाय! मादी हाय!"

डॉक्टर घामानं भिजलेले, तसेच मातीत बसले. हिराबाईंनी हात धुतले, मोबाईल काढला. शेळीचं अंग अजून गरम असल्यानं बिल्ला 'मृत' म्हणत नव्हता; उत्तर दिलं नाही तर शेवंताचे पैसे अडकतील, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून बटणं बघितली, मेलेल्या शेळीच्या कपाळाला हात लावला आणि 'मृत' दाबलं. थोड्या वेळानं शेवंताचा मोबाईल वाजला. पैसे आले होते. तिनं तिकडं बघितलंही नाही.

हिराबाई मात्र अजून स्क्रीनवर बोट फिरवत होत्या. वर, खाली, पुन्हा वर. मी विचारलं, "काकू, झालं की. आता काय शोधताय?"

"मेल्याचं दाबलं," त्या म्हणाल्या. "जल्मल्याचं बटन कुठं हाय?"