त्रिशलाकाकूंची कानडी

पेठ वडगावच्या त्रिशलाकाकूंना दोन भाषा चांगल्या येत होत्या, आणि ज्या दिवशी पोराचा जामीन व्हायचा की नाही ते ठरणार होतं, त्या दिवशी त्यातली एकही कामाला आली नाही. कोर्टात सगळं इंग्रजीत चाललं होतं.

वर्षानुवर्षं मोर्चे काढून कोल्हापूरकरांनी हायकोर्ट आपल्या दारात आणलं. चांगलं झालं, कोण नाही म्हणतंय? पण दारात आलं म्हणून ते काही आपल्या बोलीत बोलायला लागलं नाही. खालच्या कोर्टानं अनेकांतचा जामीन फेटाळला, तो निदान मराठीत फेटाळला होता. काकूंना तिथल्या तिथं रडता तरी आलं. इथं रडायचं की हात जोडायचं, तेच कळेना. जज्जसाहेब काहीतरी बोलले. दोन्ही बाजूचे वकील वाकले, दोघांनी एकच शब्द म्हटला, आणि सरकारी वकील हसला. तो हसला म्हटल्यावर काकूंना वाटलं, गेला जामीन. त्यांची वकीलबाई स्नेहल मागं वळायच्या आत तिची पुढची केस पुकारली, आणि शिपायानं काकूंना बाहेरचा बाक दाखवला. नवरा बापूसो खाली गाडीपाशीच थांबलेला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते त्यानं फारच मनावर घेतलं होतं.

अनेकांतनं केलं होतं काय? सीमेपलीकडं कर्नाटकात कुणा मराठी माणसाला मारल्याची बातमी मोबाईलवर फिरली आणि इकडं पोरं रस्त्यावर आली. कानडी अक्षरांची बस अडवली. बाकीच्यांनी अक्षरांना काळं फासलं, ह्यानं दगड मारला. काच फुटली आणि ड्रायव्हरचा डोळा गेला. पाणी गाळून पिणाऱ्या जैन घरातलं पोरगं! नाव अनेकांत. एका गोष्टीला अनेक बाजू असतात असं सांगणारं नाव, आणि पठ्ठ्याला दिसली एकच, तीही मोबाईलवर.

काकूंचं माहेर सदलगा, म्हणजे सीमेपलीकडं. पोराला त्यांनी निजवलं ते कानडीतच. पण एकदा शाळेच्या फाटकाशी त्यांनी त्याला कानडीत हाक मारली आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन तो म्हणाला, “आई, परत तसलं बोलायचं न्हाय.” काकू परत बोलल्या नाहीत. माहेरचा फोन आला की घरामागच्या परड्यात जाऊन बोलायच्या, आणि पोराला चार शब्द होते तेही तो विसरला.

बाकावर शेजारी एक माणूस येऊन बसला. डाव्या डोळ्यावर पांढरी घडी चिकटवलेली. काकूंनी त्याचा फोटो पेपरात पाहिला होता. मल्लाप्पा, त्या बसचा ड्रायव्हर. उठून जावं तर स्नेहल बाहेर येऊन शोधत बसणार.

मल्लाप्पानं काकूंचं इरकली लुगडं बघितलं आणि कानडीतच विचारलं, “अक्का, गाव कुठलं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “सदलगा,” काकू म्हणाल्या. कानडी तोंडातून आपोआप निघाली.

“मग आपल्याच झाल्या की. आत काय म्हणाले, कळलं का काही?”

“न्हाय.”

“मला बी न्हाय. डोळा माझा गेला, पण मला कोण सांगत न्हाय.” त्यानं पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. “घ्या अक्का, घाम फुटलाय तुम्हाला.”

काकूंनी बाटली हातात घेतली, पण झाकण उघडलं नाही. कोण आलंय तुमचं, एवढं त्यानं विचारलं की संपलं, ह्या भीतीनं त्या दाराकडं बघत राहिल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि स्नेहल लगबगीनं आली.

“काकू, झालं काम. जामीन मंजूर. अनेकांत उद्या सुटतोय.”

स्टँडवर जन्म गेलेल्या ड्रायव्हरला एवढं मराठी कळतंच, आणि ते नाव तर तो जन्मात विसरणार नव्हता. स्नेहल कागदपत्रांच्या मागं निघून गेली. बाटली अजून काकूंच्या हातात. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला, पण त्या आनंदाची त्याच्यासमोर लाज वाटत होती.

“अंव नन्न मग,” त्या म्हणाल्या. तो माझा मुलगा.

मल्लाप्पानं डोळ्यावरची घडी चाचपली. मग म्हणाला, “त्याला कानडी येती?”

“न्हाय.”

“तरीच. समोरच उभा होता, हातात दगड घेऊन. मी हात जोडून ओरडत होतो. रोज मराठी बोलतो मी अक्का, पण भ्यायल्यावर एक शब्द आठवला न्हाय. कल्लु ओगीब्याडप्पा, ओळग कूस ऐती.”

दगड मारू नको बाळा, आत तान्हं मूल हाय.

“माझ्या सीटामागंच होतं,” मल्लाप्पा म्हणाला. “त्याला काय झालं न्हाय. देवाची कृपा.” बाटली न घेताच तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी कळंब्याच्या जेलच्या फाटकातून अनेकांत बाहेर आला. वाळला होता, दाढी वाढलेली. बापूसो गाडी वळवायला गेला. पोरगं पाया पडायला वाकलं, तसा काकूंनी त्याचा दंड धरला.

“कल्लु ओगीब्याडप्पा, ओळग कूस ऐती.”

तो दचकला. पहिले दोन शब्द ऐकल्यासारखे वाटले असावेत. “काय म्हणालीस आई?”

काकूंनी अर्थ सांगितला. कोण म्हणालं होतं, तेही सांगितलं. अनेकांत फाटकाशीच मटकन खाली बसला. काकू शेजारी बसल्या. फाटकावरचा पोलीस बघत होता, बापूसो हॉर्न वाजवत होता.

“मी कानडी शिकवली न्हाय तुला, ही माझी चूक,” काकू म्हणाल्या. “उद्या त्याच्या घरी जायाचं हाय. म्हण माझ्यामागं. कल्लु.”

पोराचे ओठ हलले, आवाज निघेना. काकू थांबल्या, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.