चिकटपट्टीने बंद केलेली खिडकी

तिमोक नदीकाठच्या त्या छोट्या सर्बियन गावात डॉक्टर ग्रोझदाना स्वतःला फार शहाणी समजायची. निवृत्तीला टेकली तरी ही समजूत काही सुटली नव्हती. कोरोना झालेल्या गरोदर बायकांचा कक्ष गळ्यात पडला, तेव्हा पहिला हुकूम तिने मोठ्या ऐटीत सोडला, "खिडक्या उघड्या ठेवा. हवा खेळली पाहिजे."

सिस्टर एकमेकींकडे बघत राहिल्या. समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडायच्या म्हणजे प्रोमायाला, त्या आरपार वाऱ्याला, घरात बोलवायचं. त्याने मान धरते, तोंड वाकडं होतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"असलं काही नसतं गं," ग्रोझदाना म्हणाली. "जरा विज्ञान शिका." आणि आतल्या खोलीत जाऊन तिने संसर्ग टाळायच्या त्या पांढऱ्या पोशाखाखाली गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला. घामाने ती न्हाऊन निघायची, चष्म्यावर वाफ धरायची, पण मफलर काही सुटायचा नाही. आईने लहानपणी गुंडाळला तो गुंडाळलाच.

एका सकाळी ती तियानाच्या खाटेशी आली. तियाना पहिलटकरीण, आठवा महिना, खोकून बेजार झालेली.

"डॉक्टर, डोकं फुटतंय हो. आणि इथे, उजव्या बरगडीखाली, फार दुखतंय."

"एवढं खोकल्यावर बरगड्या दुखणारच, पोरी."

"आणि डोकं?"

ग्रोझदानाने वाफाळलेल्या चष्म्यातून खिडकीकडे पाहिलं. विज्ञान तोंड उघडायच्या आत तिच्या तोंडून तिची आई बोलली. "वारा लागलाय तुला. थांब, लावते. कुणी उघडी ठेवली ही खिडकी?"

हुकूम काढणारी बाईच हे विचारत होती. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर पांघरूण ओढून हसली.

खिडकी हलेना. ग्रोझदानाने अगदी जवळ वाकून पाहिलं, तर ती बंदच होती. चौकटीभोवती तपकिरी चिकटपट्टी, तीही दुहेरी.

"सासूबाईंनी पाठवली," तियाना ओशाळून म्हणाली. "दवाखान्याच्या फाटकाशी, सूपाच्या डब्याबरोबर. म्हणाल्या, ती डॉक्टरीण वेडी आहे, तुझी तू बंद कर. आले त्याच दिवशी लावली. रागावू नका."

ग्रोझदानाने कडी सोडली. म्हणजे इथे वारा नव्हताच, साधी झुळूकसुद्धा नाही. मग हिचं डोकं कशाने दुखतंय? आपण काय निदान करून निघालो होतो, या विचाराने भर मफलरात तिला थंडी भरली.

"डोळ्यांपुढे काही चमकतं का गं?"

"काजवे. कालपासून. मला वाटलं, अशक्तपणा."

रक्तदाब घेतला, तो भलताच चढलेला. रक्त तपासायला धाडलं, तर यकृत बिघडलेलं आणि प्लेटलेट उतरलेल्या. तिने फुप्फुसांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अहो, कोरोनात होतं असं रक्त," ते म्हणाले. "बाळ राहू द्या पोटात. वाट बघा."

त्यांचंही खोटं नव्हतं. रक्ताचे आकडे कोरोनात आणि गरोदरपणातल्या जीवघेण्या दाबात सारखेच दिसतात. नुसता कोरोना असेल तर बाळाला आत वाढू द्यायचं. पण हा तो दाब असेल, तर बाळ बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही. थांबलो तर झटके येतात आणि आई जाते.

"पाय सैल सोड," ग्रोझदाना म्हणाली आणि तिने गुडघ्याखाली हलकेच टिचकी मारली. पाय असा ताडकन उडाला की तिच्या तोंडापुढची पारदर्शक ढाल खाली पडली.

"अगंबाई! लागलं का हो?"

"लागू दे. माझ्या डोक्यापेक्षा तुझा पाय हुशार निघाला."

कोरोनाने माणूस गळून जातो, असा लाथा झाडत नाही. लघवीत प्रथिनंही भरपूर निघाली. आता शंका उरली नव्हती. झटके रोखणारं औषध लगेच सुरू झालं आणि संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढलं. मुलगी झाली. मूठभर जीव, पण रडली मात्र खणखणीत. तियानाचा दाब उतरेपर्यंत ग्रोझदाना त्या खाटेशेजारून हलली नाही. शहाणी म्हणून नव्हे, तिची भीती अजून गेली नव्हती म्हणून.

घरी जायच्या दिवशी सासूबाई ल्युबिंका फाटकाशी हजर. हातात भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी.

"बघा डॉक्टरीणबाई! मी चिकटपट्टी पाठवली म्हणून माझी सून वाचली. तुमच्या भरवशावर राहिले असते तर!"

वाऱ्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे सांगायला ग्रोझदानाने तोंड उघडलं. आणि तिला दिसलं, की खिडकी खरोखर उघडी असती तर आपण ती लावली असती, छान काम झालं म्हणून पुढच्या खाटेकडे गेलो असतो आणि ही पोर आज सासूशेजारी उभी नसती. तिला एकदम रडू फुटलं.

"खरंय," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच वाचली."

"मग!" ल्युबिंकाने बरणी तिच्या हातात दिली आणि सुटलेला मफलर पुढे होऊन नीट खोचला. "आणि एवढ्या शिकलात, तरी गळा असा उघडा टाकून फिरता?"