गार्डमावशींचं पिंपळखुटा स्टेशन

आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधून सकाळी कुणीही ऑफिसला निघालं, की दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत हिरवा नॅपकीन हलायचा. निघणारा देसी असो, चिनी असो, नाही तर ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं असा मोटरसायकलवाला असो. नॅपकीन हलवून झाला, गाडी वळणाआड गेली, की मावशी आत चहाला जायच्या. तो मोटरसायकलवाला तर पुढे पुढे नॅपकीन हलल्याशिवाय निघेनासाच झाला. मावशींना उशीर झाला तर इंजिन सुरू ठेवून वर बघत उभा राहायचा.

मावशींचं खरं नाव सुशीलाबाई. यवतमाळच्या एका कन्याशाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मुलगी वर्षा आणि जावई मंदार अमेरिकेत, सनीव्हेलला चिप डिझाइनमध्ये होते आणि त्यांच्याकडे त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वडील त्या भागातल्या छोट्या, नॅरोगेज गाडीवर गार्ड होते, हे त्या ओळख झाल्यावर पहिल्या वाक्यात सांगायच्या. नाव दुसऱ्या वाक्यात. म्हणून आम्ही सगळे त्यांना गार्डमावशी म्हणायला लागलो.

मला त्या भेटल्या तळघरातल्या लाँड्री रूममध्ये. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आले होते. डिपेंडंट व्हिसा, त्यामुळे नोकरी करता येत नव्हती. ड्रायव्हिंग येत नव्हतं, आणि समीर, माझा नवरा, रविवारीसुद्धा ऑफिसात. ड्रायरच्या गोल काचेआड कपडे फिरताना बघत बसणं हा माझा दिवसातला मोठा कार्यक्रम होता. मावशी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, थोडा वेळ त्यांनीही बघितलं आणि म्हणाल्या, "हे फिरते खूप, पण जात कुठंच नाही. चल, गाडी पाहून येऊ."

गाडी म्हणजे रुळावरची. बाकी सगळी त्यांच्या लेखी वाहनं. मोटारीशी त्यांचं मुळीच जमत नसे. आल्या त्याच आठवड्यात मंदारने हौसेने त्यांना नव्या कोऱ्या गाडीतून समुद्र दाखवायला नेलं होतं. समुद्र येण्याआधीच मावशींच्या पोटातलं सगळं सीटवर आलं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, "रूळ नाही, काही नाही, वाटेल तिकडं वळते. माणसाच्या आतड्याला कळलं पाहिजे ना, पुढं काय आहे ते!" तेव्हापासून त्या पायी जाता येईल तिथं पायी जात आणि बाकी ठिकाणी लोकलने.

पण बहुतेक संध्याकाळी त्या लोकलने कुठं जातही नसत. आम्ही दोघी चालत स्टेशनवर जायचो, बाकावर बसायचो. गाडी यायची, घंटा वाजवायची, माणसं उतरायची, गाडी जायची. मावशी उठून उभ्या राहून तिला निरोप द्यायच्या. दारातला कंडक्टर हात हलवायचा. मग आम्ही घरी. मी सुरुवातीला लाजून थोडी लांब उभी राहायचे. पुढे कंडक्टर मलाही हात करायला लागला, तेव्हा लाजणं सोडावंच लागलं.

एकदा लायब्ररीच्या फळ्यावर मला एक जाहिरात दिसली. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन, रविवारी शेवटचा दिवस. मावशींना सांगितलं, तर त्या दोन दिवस दिसल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी बघायला गेले, तर वर्षाच्या डायनिंग टेबलावर एक रेल्वे स्टेशन उभं होतं.

नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांच्या भिंती. नालीदार पुठ्ठ्याचं छप्पर, अगदी पत्र्यासारखं. आइस्क्रीमच्या काड्यांचा बाक. भांडी घासायच्या हिरव्या घासणीचं कडुनिंबाचं झाड. पिवळ्या कागदावर काळ्या अक्षरात पाटी: पिंपळखुटा. आणि फलाटाच्या टोकाशी, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याला साडीचा तुकडा गुंडाळून केलेली एक बाई. तिच्या हातात बटणाचा केलेला जेवणाचा डबा.

"हे घेऊन जाऊ प्रदर्शनात," मावशी म्हणाल्या.

मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, तिथं असं कुणीही आपलं काही घेऊन जात नाही हो. क्लब असतो त्यांचा. रजिस्ट्रेशन वगैरे असतं."

"नाही म्हटलं तर परत आणीन. स्टेशन काही नासत नाही."

"बरं, मग मी ड्रॉप करतो. वीस मिनिटांचा ड्राइव्ह आहे."

"वीस मिनिटांत मला किती वेळा होईल, हिशेब कर."

मंदारने हिशेब केला असावा. त्याने गाडीची किल्ली परत खुंटीला लावली.

रविवारच्या गाड्या म्हणजे सगळा आनंदच होता. तासातून एक, आणि कित्येक स्टेशनांवर ती थांबायचीच नाही. पण हे आम्हाला गाडीत बसल्यावर कळलं. मावशी पाचवारी साडी, त्यावर मंदारचं जॅकेट, पायात वर्षाचे स्नीकर्स अशा थाटात, मांडीवर स्टेशन घेऊन बसल्या होत्या. कंडक्टरने तिकिटं बघितली, स्टेशन बघितलं आणि आम्ही कुठं उतरणार ते विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आज तिथं थांबत नाही. वीकेंडला ते स्टेशन बंद असतं."

मी हे मराठीत सांगितल्यावर मावशी थक्कच झाल्या. "बाप्पा! आगगाड्यांचं प्रदर्शन, अन् आगगाडीच थांबत नाही?" मग माझ्याकडे वळून, "त्याला म्हणावं, एक मिनिट थांबव."

"मावशी, असं नसतं सांगायचं."

"काऊन? तोंड आहे ना त्याला, नाही म्हणेल. विचार तर."

अमेरिकेत आल्यापासून मी अनोळखी माणसाशी 'थँक यू'च्या पलीकडे फारसं बोलले नव्हते. माझं इंग्रजी कागदावर चांगलं होतं, तोंडात आलं की त्याचं पाणी व्हायचं. तरी विचारलं. कंडक्टर हसला. "मॅम, मी गाडी थांबवली तर उद्या माझी नोकरी थांबेल."

"सांग त्याला, आमचे बाबा थांबवत होते. बाई धावत येताना दिसली की झेंडी खालीच."

मी सांगितलं. त्याने अगदी आदराने विचारलं, वडील कोणत्या लाइनवर होते? यवतमाळच्या, असं सांगितल्यावर तो म्हणाला, कधी ऐकली नाही.

"कशी ऐकेल?" मावशी मला म्हणाल्या. "इतक्या लांब शिट्टी थोडीच येते."

गाडी त्या गावातून धडधडत गेली. खिडकीतून प्रदर्शनाचा हॉलसुद्धा दिसला, बाहेर फुगे लावलेला. मावशींनी मान वळवून वळवून त्याच्याकडे बघितलं. पुढच्या स्टेशनवर आम्ही उतरलो, आणि आलो होतो त्याच दिशेने चालायला लागलो.

अमेरिकेतला रस्ता चालणाऱ्यासाठी नसतो. फुटपाथ मध्येच संपायचा, मग आम्ही गवतातून. स्टेशनची एक बाजू त्यांच्या हातात, एक माझ्या, अशी ती वरात. वाऱ्याने एकदा छप्पर उडालं आणि थेट एका बंगल्याच्या हिरवळीवर उतरलं. पाणी घालणाऱ्या माणसाने ते उचलून दिलं आणि आम्ही विकायला काय आणलंय ते विचारलं. उन्हं कलायला लागली तशी माझा धीर सुटायला लागला. प्रदर्शन बंद व्हायची वेळ जवळ आली होती. "मंदारला फोन करूया का?" मी विचारलं. मावशींनी चालण्याचा वेग वाढवला, त्यामुळे स्टेशनला बांधलेली मीही वेगात.

पोचलो तेव्हा हॉलमध्ये आवराआवर सुरू झाली होती. मोठमोठ्या टेबलांवर अख्खी शहरं, डोंगर, पूल, आणि त्यांतून काडेपेटीएवढ्या डब्यांच्या गाड्या फिरत होत्या. पट्ट्यापट्ट्यांची टोपी घातलेले वॉल्टर नावाचे एक आजोबा पुढे आले. मी धडपडत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून स्टेशन चहूबाजूंनी बघितलं, छपरावरून बोट फिरवलं. मग एक गाडी उचलून त्यांनी फलाटाशी धरली. गाडी फलाटाच्या खालीच राहिली. इंजिन बाकाएवढं.

"फार सुंदर आहे," ते हळहळून म्हणाले, "पण फारच मोठं आहे."

मावशींना भाषांतर लागलंच नाही. "माझं स्टेशन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या गाड्या लहान आहेत." आणि खुर्ची ओढून बसल्या. एवढ्या वाटेत पहिल्यांदा मला त्या थकलेल्या दिसल्या. चिमट्याच्या बाईचा पदर सुटला होता, तो त्या नीट करत राहिल्या. आता परत फिरा असं त्यांना कसं सांगावं, या विचारात मी उभी होते.

मी त्यांचं वाक्य वॉल्टरना सांगितलं, भांडण होईल या धास्तीने. पण ते खो खो हसले. "बरोबर आहे त्यांचं! तुमची लाइन नॅरोगेज होती म्हणालात ना? मग चला माझ्याबरोबर." हॉलच्या मागच्या अंगणात जमिनीवरच रूळ मांडलेले होते, आणि त्यावर मांजराएवढं काळं इंजिन. डोंगरातल्या नॅरोगेज गाडीचं मॉडेल. एक जोडपं डबे खोक्यात भरत होतं. वॉल्टरनी त्यांच्या कानात काही सांगितलं. डबे पुन्हा बाहेर आले.

आम्ही रुळांशेजारी पिंपळखुटा मांडलं. फलाट आणि डब्याची पायरी नेमकी जुळली. मावशी गुडघ्यांवर बसल्या. गाडी निघाली, झुडपांना वळसा घालून आली आणि स्टेशनवरून तशीच सुसाट निघून गेली.

"अगं, गेली की!" मावशी ओरडल्या. "ही पण रविवारचीच!"

"स्टॉप!" मी किंचाळले. "प्लीज, इट हॅज टु स्टॉप!" सगळ्या अंगणाने माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर माझा आवाज एवढा मोठा कधी निघाला नव्हता.

वॉल्टरनी विचारलं, "किती वेळ थांबायची?"

मावशींनी चिमट्याच्या बाईला फलाटाच्या कडेशी सरकवलं. मग हळूहळू सांगायला लागल्या आणि मी वाक्यामागे वाक्य इंग्रजीत करत गेले. वडिलांची ड्यूटी जंक्शनवरून. मावशी आणि त्यांची आई आजोळी, पिंपळखुट्याला. वडिलांना घरी यायला क्वचितच मिळायचं. पण गाडी रोज जायची. मग आई डबा घेऊन फलाटावर उभी राहायची, मावशी तिच्या पदराला धरून. वडील खाली उतरायचे, डबा घ्यायचे, मावशींच्या डोक्यावर हात ठेवायचे, की झेंडी. "बाबा आमच्या वाट्याला तेवढेच यायचे," मावशी म्हणाल्या. "डबा हातात जाईपर्यंत."

वॉल्टरनी टोपी काढून पुन्हा घातली. गाडी दुसऱ्यांदा आली, हळू झाली आणि शेवटचा डबा चिमट्याच्या बाईसमोर आणून त्यांनी थांबवली. खोकी भरणारे लोकही येऊन उभे राहिले. मावशी डब्याच्या दाराकडे बघत होत्या, तिथं कुणीच नव्हतं. वॉल्टरनी बटणावर बोट ठेवून माझ्यामार्फत विचारलं, "डबा दिला का?"

"थांबा म्हणावं," मावशी म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावून, "दिला. जाऊ द्या आता."

स्टेशन मावशींनी तिथंच देऊन टाकलं. "ठेवा, पण गाडी थांबवत जा," एवढी एकच अट. परतीसाठी मात्र मंदारलाच बोलवावं लागलं. तो नवी गाडी न आणता समीरची जुनी गाडी मागून घेऊन आला. त्याचा अंदाज बरोबर ठरला. ते सीट मी आणि समीरने दुसऱ्या दिवशी धुतलं.

सहा महिने संपले आणि मावशी यवतमाळला परत गेल्या. मी कॉलिंग कार्ड घेऊन रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सोमवारी सकाळी, फोन करायचे. तब्येत, पाऊसपाणी, भाज्यांचे भाव, यातलं काही त्या विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला. "या रविवारी कुठं गेली होतीस?" एकदा मी "कुठंच नाही" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मग फोन कशाला केला? काय सांगशील?" आणि खरंच ठेवून दिला.

त्या धाकाने मी जायला लागले. आधी एक स्टेशन, मग पाच. समुद्र, जर्दाळूच्या बागा, एक अगदीच कंटाळवाणं घड्याळांचं दुकान. कुठल्याशा गावात हरवले, चार जणांना रस्ता विचारला. नुसतं "छान होतं" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "स्टेशनात बाक होता का? कोण बसलं होतं? काय खात होते?" मी सांगायचे आणि त्या पलीकडे हुंकार देत राहायच्या.

दोन वर्षांनी वर्षाने सांगितलं, मावशी गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्या आठवड्यातल्या रविवारी मी घरातून हलले नाही. समीरने सुट्टी काढली होती, कुठं जायचं का विचारलं, मी नको म्हटलं.

त्याच्या पुढच्या रविवारी एकटीच निघाले. कधी न उतरलेल्या एका स्टेशनवर उतरले. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. बंद बेकरी, एक चर्च, लाकडी बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेला म्हातारा, त्याच्या पायाशी कुत्रा. कुत्रा अर्धा डोनट खात होता, वरची साखर आधी चाटून. सांगायला आता कुणी नव्हतं. तरी परतीची गाडी येईपर्यंत मी सगळं नीट पाहून घेतलं.