ळ इंग्रजीत कसा लिहायचा?

माझ्या मामींच्या पोटात आजवर एकही गोष्ट राहिलेली नाही, आणि पासवर्ड ही तर शेवटी गोष्टच. येरवड्याला तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर उभा जन्म काढला, पण काही बंदोबस्तात ठेवण्याची विद्या त्यांना शिवली नाही. फोनमधल्या खात्याचा पासवर्ड कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात लिहिलेला. टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यांदा म्हणायच्या. चुकलं तर समोरच्या खिडकीतून शेजारीणबाई दुरुस्त करायच्या. बरं, पासवर्ड म्हणजे मामांचं नाव. ते सरळ कसं घ्यायचं? मोबाइलच्या दुकानात मालकाने पासवर्ड विचारला, तर मामींनी पदर सावरून भर गिऱ्हाइकांत उखाणा घेतला: "कात्रजच्या दुधाचा चहा केला गोड, वसंतरावांच्या नावाला एक-दोन-तीनची जोड." दुकानाने टाळ्या वाजवल्या.

व्हायचं तेच झालं. कुणीतरी खात्यात शिरलं आणि भजनी मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना मामींच्या नावाने वजन उतरवायच्या गोळ्यांच्या जाहिराती गेल्या. पेटीवाल्या बाईंनी आठ दिवस अबोला धरला. बंगळुरूच्या लेकीने फर्मान काढलं, "आई, पुन्हा असं झालं तर साधा बटणांचा फोन." म्हणजे नातीचं तोंड दिसणं बंद. मामी हादरल्या आणि मला शिकवणीला बोलावलं.

"मामी, कुणालाही ठाऊक नसलेलं काहीतरी घ्या," मी म्हणालो.

"अरे, माझं असं आहेच काय?" म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. मामी गप्प! मामांनीसुद्धा पेपर खाली केला. मग फोनवर पदर धरून त्यांनी हळूच विचारलं, "ळ इंग्रजीत कसा लिहायचा रे?"

"एल."

"आणि ल?"

"तोही एलच."

"एवढी जगभर मिरवणारी भाषा, आणि घरात एक ळ नाही," मामी म्हणाल्या आणि नाइलाजाने एल दाबला.

"माहेरचं नाव आहे माझं," त्या पुटपुटल्या. "लग्नात ताटातल्या तांदळावर दुसरं लिहिलं, तेव्हापासून हे कुणी घेतलं नाही. आई घ्यायची, ती गेली. यांना विचारून बघ."

"कुठलं नाव?" मामा म्हणाले. "हिचं हेच नाव आहे की."

आता मामी रोज रात्री खात्यातून बाहेर पडतात आणि सकाळी पासवर्ड टाकून पुन्हा शिरतात. कॅलेंडरचा चौकोन कोरा असतो. मी एकदा म्हणालो, "अहो, एवढा खटाटोप कशाला? पासवर्ड फोनच लक्षात ठेवतो."

"नको रे. त्याने लक्षात ठेवला तर तो विचारणार नाही. सकाळी विचारतं कुणीतरी, बरं वाटतं."

ते नाव जाणून घ्यावं, एकदा त्या नावाने त्यांना हाक मारावी, असं मला फार वाटतं. पण पासवर्ड कुणाला विचारायचा नसतो, हे मीच तर शिकवलं. त्यात एक ळ आहे, एवढंच मला ठाऊक. आणि खरं म्हणजे तेही तुम्हाला सांगायला नको होतं.