जशास तसे, तिसऱ्या दिवसापर्यंत

आई कोळंबी सोलायची. मार्व्याच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये, दिवसभर उभी, हात बर्फात. कांदिवलीच्या आमच्या खोलीत आधी वास यायचा, मग ती. बाबांचं काम सुटल्यापासून घर तिच्या बोटांवर चालत होतं, आणि संध्याकाळी त्या बोटांना कपाचा कानसुद्धा धरवत नसे.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं. शेडची कोळंबी तिकडेच जायची. काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. माझा प्रबंध नेमका यावरच होता: दोन देश एकमेकांवर शुल्क लावतात तेव्हा डाव कसे टाकतात. गेम थिअरी. आई शेडमधल्या बायकांना सांगायची, "पोरगी खेळाचा शिकता." तिला दुरुस्त करणं मी सोडून दिलं होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रबंध परत केला. "तुझे देश एकदा भांडले की भांडतच राहतात. बाहेर कसे पडतात ते लिही. पंधरा दिवसांत दे, नाहीतर वर्ष गेलं." वर्ष गेलं असतं तर मी मिळेल ती नोकरी धरली असती आणि पुन्हा कॉलेजात पाय ठेवला नसता. हे मला स्वच्छ दिसत होतं.

माझा नियम 'जशास तसे' होता. समोरच्या देशाने शुल्क लावलं की आपण लावायचं, त्याने काढलं की काढायचं. पण एकाने गैरसमजाने लावलं, तर पुढे आळीपाळीने सूडच. दहा दिवस मी त्याच पानावर अडकले होते. शेड बंद असलेल्या एका दुपारी कंटाळून आईला सगळं सांगितलं.

"मगे सोडूचा कधी?" तिने विचारलं.

"तेच सुचत नाही गं."

"मगे इतकी शिकलंस कित्याक?"

मग तिनेच शेडमधली रीत सांगितली. मजुरी सोललेल्या घमेल्यांवर मिळते, म्हणून एकीने दुसरीचं भरलेलं घमेलं आपलं म्हणून उचललं की अबोला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी जिचं घमेलं गेलं तीच आपल्यातला बर्फ समोरचीकडे सरकवते. उचलणारी लाजेने पुढे येत नाही, आणि बरेचदा तिने चुकूनच उचललेलं असतं.

"आणि परत उचललं तर?"

"मगे बर्फ नाय. एकदाच."

मी तो नियम मांडला, आकडे घालून तपासला. चुकून सुरू झालेलं भांडण थांबत होतं, आणि मुद्दाम फसवणाऱ्यालाही फार मोकळीक मिळत नव्हती. चौदाव्या दिवशी प्रबंध दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हा नियम कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातला नाही, सर. माझी आई कोळंबी सोलते, तिच्या शेडमधला."

ते हसले नाहीत. आकडेमोड पुन्हा करायला लावली. मी केली. उत्तर तेच आलं.

शुल्क उतरलं नाही. आई अजून तीनच दिवस जाते. मी पहिल्या वर्गात एम.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच होते, पहिली एम.ए.सुद्धा मीच.