अकरा स्पीडब्रेकर

"बठ्ठा उतरा रे भो!"

स्पीडब्रेकर दिसला की भाऊ गाडी पार थांबवायचे, हँडब्रेक ओढायचे आणि मान न वळवता ही आज्ञा सोडायचे. मग मी, औषधाच्या दुकानाचे शेठ आणि निवृत्त मास्तर, असे आम्ही तिघे उतरायचो. गाडीला दारं दोनच, त्यामुळे आधी पुढचा उतरणार, तो सीट वाकवणार, मग त्या फटीतून मागचे दोघे बाहेर पडणार. गाडी रिकामी झाली, म्हणजे तिचं पोट रस्त्यापासून बोटभर वर यायचं. भाऊ तिला तिरकी घालून, एकेक चाक चढवत पलीकडे न्यायचे आणि काचेतून हात बाहेर काढून म्हणायचे, "बसा आते."

आमच्या कॉलनीपासून हायवेपर्यंत असे अकरा स्पीडब्रेकर आहेत. हिशेब तुम्हीच करा. भाऊंच्या गाडीतून फिरायला जाणं म्हणजे जाताना अकरा आणि येताना अकरा उठाबशा. तरी आम्ही दर रविवारी जात होतो.

भाऊंचं नाव सांगून काही उपयोग नाही. जळगावात दर दुसऱ्या माणसाला भाऊ म्हणतात, पण आमच्या कॉलनीत भाऊ म्हटलं की ते एकच. चोपड्याकडच्या एका गावात त्यांची केळीची बाग. मुलीच्या शिक्षणासाठी जळगावात घर बांधलं, मुलगी शिकून, लग्न होऊन पुण्याला गेली आणि नवरा-बायको इथेच राहिले. माझी लाकडाची वखार त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी ते वखारीत येऊन ओंडक्यावर बसायचे, माझ्या चहातला अर्धा प्यायचे आणि मी लाकूड कसं चुकीचं कापतो ते मला समजावून सांगायचे. लाकडातलं त्यांना काहीही कळत नव्हतं.

गाडीचं वेड त्यांना धुळ्याला लागलं. तिथे शिकायला होते तेव्हा एकदा शेवेची पुडी ज्या कागदात बांधून आली, तो कुठल्याशा परदेशी मासिकाचा कागद होता. त्यावर ही अमेरिकन गाडी. लांब नाक, आखूड शेपटी, दोनच दारं आणि जाळीवर धावणारा घोडा. शेव संपली, कागद राहिला. पुढे कधीतरी त्याला चौकट करून त्यांनी तो बैठकीत मुक्ताईच्या तसबिरीशेजारी लावला. मागच्या चाकावर शेवेच्या तेलाचा डाग होता. पन्नाशी उलटल्यावर खरी गाडी दारात आली, तेव्हा भाऊ आधी वाकून मागचं चाक बघून आले. "डाग नही शे," म्हणाले, आणि मगच पेढे वाटले.

गाडी पिवळीधम्मक. केळीवाल्याने मुद्दाम मालाच्या रंगाची घेतली असं गावभर झालं. गावाकडे नेली तेव्हा ऐंशीच्या आत्याने काठी टेकत तिला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बाकीना दोन दार नंतर बसाडशी का रे भाऊ?" एकाने घोडा बघून विचारलं, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणली का. आणि उरलेल्या सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?"

भाऊ शांतपणे सांगायचे, "देस नही भो, लेस."

त्यांच्याकडे दर काही वर्षांनी भाट यायचा. वही उघडायचा, पिढ्या वाचायचा, नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा, शिधा घेऊन जायचा. त्या वर्षी भाटाचं वाचून झालं आणि भाऊ म्हणाले, आता माझं ऐका. आणि त्यांनी गाडीची वंशावळ सुरू केली. आजा देखणा, नाकीडोळी नीटस, पण उतारवयात अंगाने सुटला. त्याच्यामागून आलेला बारका राहिला, कारण तेव्हा तिकडे पेट्रोलचा दुष्काळ. तिसरा चौकोनी, नुसतं खोकं. चौथा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, चेहऱ्याचा पत्ता नाही. मग पाचवा आला तो थेट आजावर गेला, तेच नाक, तेच डोळे, सगळ्या घराला आनंद झाला. आणि सहावा दारात उभा आहे तो. कंपनीने उजवीकडे स्टिअरिंग पहिल्यांदा दिलं ते या सहाव्यालाच, म्हणून तर तो आपल्याकडे नांदायला आला. भाटाने सगळं ऐकून घेतलं. "माझ्या बापानेही इतकं तोंडपाठ म्हटलं नाही," म्हणाला. पण भाऊंनी आग्रह करूनही वहीत मात्र लिहून घेतलं नाही.

एवढी धावणारी गाडी, पण भाऊ ऐंशीच्या वर कधी गेले नाहीत. रविवारी धुळ्याच्या रस्त्याला लागलो की केळीचे ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकायचे. शेठ चिडायचे. म्हणायचे, "भाऊ, हिला घोडे किती आहेत आणि चालवता कशी?" भाऊ म्हणायचे, "पयी सकस, हाई माहीत शे ना? मग पयाडानी काय गरज?" पळू शकते हे माहीत असणं त्यांना पुरेसं होतं. मला तेव्हा हा निव्वळ चिकटपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

सांभाळणं सोपं नव्हतं. पुढे कंपनीने या देशातलं दुकानच आवरतं घेतलं. एक वायपर तुटला, तो परदेशातून यायला सगळा पावसाळा गेला. धुळ्यात त्यांना एक ट्रकचा जुना मिस्तरी सापडला होता. त्याने आयुष्यात असलं इंजिन पाहिलं नव्हतं, पण तो बॉनेटला कान लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "खुश आहे." तेवढं ऐकायला आम्ही नव्वद किलोमीटर जायचो.

आता मुख्य गोष्ट. या गाडीत पुढची डावी सीट होती, तिच्यावरचं नवं प्लास्टिक भाऊंनी कधी काढलं नाही. ज्याची पाळी असेल तो त्या प्लास्टिकवर बसायचा, उन्हाळ्यात चिकटायचा, वळणावर घसरायचा. एकदा मी ते फाडायला गेलो, तर भाऊंनी माझा हात धरला. "अक्का बसनी की काढसू," म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची बायको. गाडी आली तेव्हा तिने बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, ओवाळलं आणि ती जी घरात गेली ती पुन्हा गाडीजवळ आली नाही. तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते. अंगाने भारी. घरातसुद्धा उंच खुर्चीवर बसायची. ही गाडी इतकी ठेंगणी, की आत बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. त्यात दर स्पीडब्रेकरला उतरायचं. "तुमनी गाडी तरण्यासनी शे," ती म्हणायची. तीन वर्षं गेली. भाऊ वरवर हसायचे, पण ज्या माणसाने शेवेचा कागद इतकी वर्षं जपला, त्याला शेजारी कोणाला बसवायचं होतं हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. आम्हीच आपले प्लास्टिकवर बसून फिरत होतो, आणि दर वेळी जरा चोरट्यासारखं वाटायचं.

एका सकाळी भाऊ वखारीत आले ते चहाला नाही म्हणाले. खिशातून शाळेची वही काढली. तिच्यात अकरा स्पीडब्रेकरची उंची-रुंदी लिहिलेली, शिवाय मुक्ताईनगरच्या बाजूचे चार. पहाटे उठून टेप घेऊन मोजून आले होते. अक्काने अट घातली होती. मुक्ताईच्या दर्शनाला या गाडीतून येईन, पण एकदा बसले की देवळाशीच उतरेन. मध्ये कोणी उतर म्हणायचं नाही.

"फळ्या कर भो," भाऊ म्हणाले. "उतरत्या. दोन चढाले, दोन उतराले."

मी सागाच्या चार पाचरी केल्या, हातभर रुंद, चांगल्या पुरुषभर लांब. आयुष्यात मी देव्हारे केले, पलंग केले, पण इतकं मन लावून रंधा कधी मारला नाही. भाऊ ओंडक्यावर बसून सूचना करत होते आणि त्या दिवशी मी त्यांना गप्प बसवलं नाही.

निघायच्या दिवशी आम्ही तिघे छोट्या टेम्पोत फळ्या घेऊन पुढे. मागे पिवळी गाडी. भाऊंनी आमच्यादेखत डाव्या सीटचं प्लास्टिक टराटरा काढलं आणि अक्काला दोन शेजारणींनी मिळून आत बसवलं. पहिल्या स्पीडब्रेकरशी आम्ही उडी मारून उतरलो, फळ्या लावल्या, शेठ दोन्ही हात हलवत गाडी पुढे घेत होते, मागे रिक्षा आणि मोटारसायकली खोळंबल्या. कोणीतरी विचारलं, मंत्री येताहेत का. मास्तरांनी गंभीरपणे हो म्हणून सांगितलं.

तिसऱ्या स्पीडब्रेकरला माझी फळी सरकली. खर्र असा आवाज आला. मी डोळेच मिटले. तुम्हाला सांगतो, या गाडीचं पोट नुसतं कुठे टेकलं तरी भाऊ इस्त्रीच्या कपड्यात रस्त्यावर आडवे व्हायचे, रुमालाने पुसून ओरखडा शोधायचे, आणि मग दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. आम्ही तिघे मान खाली घालून उभे राहिलो. पण भाऊ उतरले नाहीत. ते डावीकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "तुले लागनं का वं?"

"मले काय लागनं नही," अक्का म्हणाली. "तुमनी गाडीले लागनं."

"लागू दे," भाऊ म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे. पुढच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला मी फळी लावून आधी दोनदा हलवून पाहिली.

देवळाशी अक्काला बाहेर काढायला चार बायका लागल्या. ती इतकी हसत होती की तिला धड उभंच राहता येईना. परतताना हायवेला तिने भाऊंना विचारलं म्हणे, ही किती पळते? आम्हाला टेम्पोतून एवढंच दिसलं, की पुढची पिवळी गाडी एकदा गुरगुरली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. शेठ उठून उभेच राहिले. कॉलनीच्या फाट्याशी दोघं आमची वाट बघत बसलेले सापडले. काटा कितीवर गेला ते भाऊंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. अक्का म्हणाली, "पोटमा गोया उना," आणि पुन्हा हसायला लागली.

त्यानंतर आमचे रविवार गेले. डावी सीट भरली होती. फळ्या भाऊंनी पिवळ्या रंगवल्या आणि पोर्चमध्ये उभ्या करून ठेवल्या. महिन्यातून एकदा आम्हाला बोलावणं यायचं, तेही फळ्या लावायला. आम्ही कुरकुरत जायचो. मला ते आवडायचं.

या हिवाळ्यात भाऊ गेले. भरिताची वांगी आणली होती, खुर्चीत बसून अक्काला म्हणाले जरा पाणी दे, आणि ती पाणी आणेपर्यंत संपलं. मला अजून सकाळी चहाचा कप अर्ध्यावर ठेवायची सवय आहे. फार वाईट वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुण्याहून मुलगी, जावई आले. वैकुंठरथ दारात लागला. जावई पुढे बसला, आम्ही तिघे आणि दोघे भाऊबंद मागे, भाऊंशेजारी. गाडी हलणार तेवढ्यात दारातल्या उंच खुर्चीतून अक्काचा आवाज आला.

"दादा, फळ्या लिध्यात का?"

अक्का मला दादा म्हणायची, पण ती काय विचारते ते मला आधी कळलं नाही.

"फळ्या ल्या," ती म्हणाली. "त्यास्ले धक्का नको लागाले."

रथाचा चालक म्हणाला, आमची गाडी उंच आहे, काही लागत नाही. मास्तर आणि मी पोर्चमधून चारही फळ्या उचलून आणल्या.

पहिला स्पीडब्रेकर आला. आम्ही फळ्या लावल्या, मी दोनदा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. वळून बघतो तर शेठ खाली उतरलेले, त्यांच्यामागे दोघे भाऊबंद, आणि जावईही दार उघडून रस्त्यावर उभा. कोणी कोणाला उतर म्हटलं नव्हतं. रिकामा रथ, एकट्या भाऊंना घेऊन, फळ्यांवरून सावकाश चढला आणि तसाच अलगद पलीकडे उतरला. जराही धक्का बसला नाही.

पलीकडे जाऊन तो आमच्यासाठी थांबला. आम्ही फळ्या उचलून मागच्या दाराशी गेलो आणि तिथे उगाच उभे राहिलो. चालक आरशातून बघत होता. बसा म्हणणारं कोणी नव्हतं.

मग आम्ही फळ्या खांद्यावर घेतल्या आणि रथाच्या पुढे पायीच चालायला लागलो.