मागची पंगत

रोह्यात कंपनीत लागलो तेव्हापासून मी स्टेशनजवळच्या एका खाणावळीत एकटाच जेवतो. ती चालवणाऱ्या काकू ‘आणखी काय हवं?’ असं कधी विचारत नाहीत. ताटाकडे बघतात आणि भात वाढून मोकळ्या होतात. नको म्हटलं तर म्हणतात, “नाय कसं? तोंड बघ जरा आरशात.” मग समोरच्या बाकावर वाल सोलत बसतात आणि माझं जेवण होईपर्यंत उठत नाहीत.

गेल्या गणपतीला मला सुट्टी मिळाली नाही. खाणावळ बंद असणार हे विसरून मी सवयीनं तिथं गेलो. आतल्या घरात गणपती बसला होता आणि पाहुण्यांची पंगत मांडली होती. मी ओशाळून मागे फिरलो, तर काकूंनी ओरडून बोलावलं. मला वाटलं, माझंही पान मांडतायत. मी बसायला लागलो, तर त्यांनी बिरड्याचं पातेलं माझ्या हातात दिलं.

“बसतोस काय? पाहुण्यांना आधी वाढ. आपण मागून जेवू.”

वाढताना पोटात कावळे ओरडत होते. इतक्या सुखानं मी कधी उपाशी राहिलो नव्हतो.